मायच्या नावावरचा दवाखाना

प्रिय बाबा,

जालन्याच्या एसटी स्टँडवर बसून हे लिहिते आहे. मंठ्याची गाडी अजून लागलेली नाही. माय शेजारी डोळे मिटून बसली आहे. तुम्ही गेल्यापासून ती गिरणीच्या दवाखान्याची पायरी चढली नव्हती. गुडघे सुजून तिला चुलीपुढे बसवेना, तेव्हा आज मीच तिला ओढून आणलं. तिथे जे झालं ते कुणाला सांगावं सुचेना, म्हणून तुम्हाला.

दुष्काळ सरला त्या वर्षी तुम्ही कापसाच्या जिनिंग गिरणीतून निवृत्त झालात. निवृत्त कामगाराला गिरणीचा दवाखाना जन्मभर फुकट, पण एकाच नावावर. त्याच्या, नाहीतर बायकोच्या. बाकीच्यांनी आपापलं नाव दिलं, तुम्ही मायचं. कारकुनाने पुन्हा विचारलं तर म्हणालात, "लिहा तिचंच. मला काय होऊन राह्यलं?" आणि घरी येऊन केवढ्या तोऱ्यात सांगितलंत! उभा जन्म कापसाच्या धुळीत काढलात. एवढा विश्वास कशाच्या जोरावर होता, बाबा?

मग तुमचा खोकला सुरू झाला. सरकारी दवाखान्यात चला म्हटलं की तुम्ही पावसापाण्याचा विषय काढायचात. मी अंबडला, शाळेच्या नोकरीत. तुम्ही दोघांनी मिळून काय वाट काढलीत, ते मला तुम्ही गेल्यावर, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी कळलं. माय भांडी घासता घासता सांगत होती.

ती गिरणीच्या डॉक्टरसमोर बसायची आणि तुमचा खोकला आपला म्हणून सांगायची. "रातीला लई येतो. पाठीत कळ निघती." डॉक्टर तिची छाती तपासायचे. छाती साफ! थंडी बाधली असेल म्हणून ते गोड औषधाची बाटली द्यायचे. ती तुम्ही प्यायचात आणि "बराबर लागू पडलं" म्हणायचात. खरंच लागू पडत होतं, की तिला बरं वाटावं म्हणून?

थुंकीतून रक्त पडायला लागलं तेव्हा तुम्हीच तिला बजावलंत, "रक्ताचं सांगू नको. तुलाच भरती करून घेतील." आणि त्यावर दोघंही हसलात म्हणे.

मला तुमचा राग यायला हवा. येत नाही. रडूही येत नाही. शाळेत जाते, फळ्यावर लिहिते, परत येते. जेवताना मीठ कमी की जास्त तेही कळत नाही. पायाला मुंग्या येऊन तो जड व्हावा, तशी सगळीच जड झाले आहे.

आज तेच डॉक्टर होते. मायला त्यांनी ओळखलं. "काय बाई, खोकला कसा आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर मायने माझा हात दाबला.

"बंद झाला," म्हणाली.

डॉक्टर खूश झाले. "तुमच्या आईने औषध सोडलं नाही, म्हणून," मला म्हणाले. माय उठायलाच लागली. मी तिला खाली बसवून गुडघ्याचं काढलं, तर म्हणते कशी, "ऱ्हाऊ दे. ह्यांनी माझं नाव दिलं अन् बिनदवेचे गेले. मी कोन्त्या तोंडानं घेऊ?" डॉक्टरांनी ते ऐकलं आणि गुडघ्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांना काही कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गोळ्या मी घेऊन ठेवल्या आहेत. माझ्या पिशवीत आहेत. ती हात लावत नाही.

बाबा, एक शब्द देते. रजा टाकून दर महिन्याला मी तिला इथे आणीन. ती तोंड मिटून बसली तर मी बोलेन. गोळ्या ती आज घेणार नाही, उद्याही नाही, पण मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरून बसेन. तुम्ही दिलेला दवाखाना एकदा तरी तिच्या स्वतःच्या दुखण्यासाठी वापरला जाईल.

तुमचीच,
सुमन