दादाचा तपकिरी मासा

३ मार्च
पुन्हा मोजलं. पाठीवरच्या पराला नऊ काटे, अंगावरच्या रेषेत सत्तावीस खवले – बाटल्यांतल्या तिन्ही माशांत तेच. रॅस कुळातला बोटाएवढा तपकिरी मासा, शेपटीजवळ काळा ठिपका. एकाही पुस्तकात सापडत नाही. नवीनच आहे. असायलाच हवा.

६ मार्च
दादाकडे गेले. पाय अजून हलत नाहीत. डॉक्टर म्हणे, समुद्रात खोलातून घाईनं वर आलं की असं होतं. ‘एक तरी जिवंत हवा’ हा हट्ट माझाच; त्यापायीच तो पुन्हा बुडी मारायला उतरला होता.
वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, “एवढ्याशा माशापायी माणूस खाटेला खिळला. निदान त्या माशाला नाव तरी यांचं लागू दे.”


११ मार्च
विभागप्रमुख बाईंनी बाटल्या पाहिल्या. “या तिन्ही माद्या. नर कुठाय? नर मिळाल्याशिवाय नवी जात म्हणायची घाई करू नकोस.”
महिनाअखेर माझी नोकरी संपते. थांबू कशी?

१२ मार्च
नियतकालिकाकडे वर्णन पाठवलं. जातीला नाव दादाचं.

१९ मार्च
दादानं आणलेल्या, टाकीतल्या जिवंत मादीच्या गालावर निळी रेघ. दिव्यामुळे असेल.

२० मार्च
दिवा बदलला. रेघ आहेच.

२७ मार्च
निम्मं अंग निळं, ठिपका पुसट. हा तर नेहमीचा निळा रॅस – प्रत्येक प्रवाळावर दिसणारा! त्याच्या फक्त नराचंच वर्णन झालंय, मादी कुणी नोंदवलीच नव्हती. काटे, खवले तेवढेच, पण या कुळात ते कितीतरी जातींचे जुळतात, म्हणून मी दुर्लक्ष केलं. रॅसमध्ये मोठी मादी पुढे नर बनते, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला ते नको होतं.

२८ मार्च
जाळी घेऊन टाकीपाशी उभी राहिले. हा एक मासा नाहीसा झाला तर कुणाला कळणार? बराच वेळ उभी होते. मग जाळी खाली ठेवली.

३० मार्च
सकाळी पत्र पाठवलं – वर्णन मागे घेते. मग दादाला सांगायला गेले. कसंबसं सांगितलं.
तो म्हणाला, “ठाऊक होतं गं. पहिल्याच बुडीत या तपकिरी माद्यांना त्या निळ्याबरोबर अंडी सोडताना पाहिलं होतं.”
“मग बोलला का नाहीस?”
“संसार मोडून आलीस, त्यानंतर त्या दिवशी हे मासे बघून पहिल्यांदा हसलीस. मग सांगवलं नाही.”
म्हणजे तो जिवंत मासा आणायला उतरला, तेव्हाही त्याला ठाऊक होतं.