फळीवरचा डबा

बाबा, तुमचा डबा गेल्या मंगळवारी उघडला. चाळीस वर्षांनी उघडावा आणि उघडताना मी, तुमची मुलगी, समोर असावी, असं तुम्ही झाकणावर लिहून ठेवलं होतंत, तसंच झालं. तुम्हाला जाऊनच आता बावीस वर्षं झाली. मी इथे वाळवंटात, चँडलरला राहते. इथल्या उन्हात गाडीच्या वायपरचं रबरसुद्धा धड टिकत नाही, आणि दरवेळी ते बदलताना मला तुम्ही आठवता. ओहायोहून फोन आला तेव्हा मी पार्किंग लॉटमध्ये नेमकं तेच करत होते. पलीकडे तुमच्या कंपनीच्या मालकांची मुलगी होती, त्या घराण्यातली शेवटची. कंपनी बंद पडून जमाना झाला, आता इमारतही विकली, तळघर रिकामं करायचंय, एक डबा तेवढा तुझ्या वडिलांचा आहे, असं त्या म्हणाल्या. येते म्हटलं आणि तिकीट काढलं.

तुम्हाला त्या घराण्याचं काय कौतुक होतं! मूळ पुरुषानं बायकोच्या चुलीवर रबर आणि गंधक शिजवून बूट केले. पहिल्याच कडक उन्हाळ्यात ते दुकानात वितळून एकमेकांना चिकटले आणि असे घाण मारायला लागले, की परसात खड्डा खणून पुरावे लागले. त्याच्या मुलानं मग भट्टी बांधली. आठ दिवस तिच्यात ठेवलं की रबराचं म्हातारपण आजच बघायला मिळतं, हा त्याचा शोध. पण पुरलेल्या बुटांची नामुष्की घराण्याच्या इतकी जिव्हारी लागलेली, की नुसत्या भट्टीवर कुणी विसंबेना. म्हणून नियम झाला. नवं मिश्रण केलं की त्याचे दोन नमुने काढायचे, एक भट्टीत आणि एक डब्यात बंद करून तळघरातल्या फळीवर. भट्टीचं भविष्य खरं ठरलं का, हे पुढच्या पिढीनं डबा उघडून ताडायचं आणि वहीत लिहून सही करायची. नमुन्यासाठी साचा एकच, बाहुलीचा. मूळ पुरुषानं तो आपल्या लहान मुलीच्या चेहऱ्यावरून घेतला होता.

शनिवारी तुम्ही मला त्या तळघरात न्यायचात. मी नऊ वर्षांची. तुमचा हात धरून जिना उतरते आणि समोर फळ्यांवर, उघडून झालेल्या डब्यांशेजारी, ती मुलगी बसलेली असते, वीसदा, पंचवीसदा. एकीचे गाल ओघळून गळ्यापर्यंत आलेत. एक शिंगासारखी टणक, काळी. एकीच्या तोंडावर गंधकाची पांढरी पूड फुटलीय, तिला देवी आल्यासारखं दिसतं. सगळ्यांच्या भुवया मात्र तशाच, जराशा उंचावलेल्या, काहीतरी विचारायला आल्यासारख्या. "घाबरतेस काय? सगळ्या बहिणी आहेत," तुम्ही म्हणता. मी घाबरत नव्हते बाबा, मी मोजत होते. मला दर वेळी एक जास्त वाटायची.

तुमच्या मिश्रणाच्या दोन बाहुल्या तुम्ही त्या वर्षी काढल्यात. एक माझ्यादेखत डब्यात घातलीत, झाकणाला कडेनं कथलाचा डाग देऊन बंद केलंत. दुसरी आईला दाखवायला घरी आणलीत, कारण सोमवारी ती मालकांसमोर भट्टीत जाणार होती. पुण्याच्या कारखान्यात गॅस्केटं करणारा माणूस यांच्या घराण्याला नवं मिश्रण दाखवणार, याची ऐट तुमच्या चालण्यात दिसत होती. मालकांना तुम्ही सांगून बसला होतात, एकदाच बघा, नापास झालं तर पुन्हा हा विषय काढणार नाही. आई तेव्हाच म्हणाली होती, "कशाला असं बोलून बसलात? आपण परके इथे."

माझ्याकडेही एक बाहुली होती, तुम्हीच वाढदिवसाला दिलेली. त्याच साच्यातली, पण कंपनीच्या नेहमीच्या मिश्रणाची. वर्षभरात तिचा गाल चिकट झाला होता. हात लावला की बोटांना लागायचा, आणि तिच्या अंगठ्यावर माझ्या दातांचे व्रण होते. तुमची नवी बाहुली जेवणाच्या टेबलावर होती, कोरडी, मऊ, ताजी. मला ती हवी होती. बस, एवढंच. मी माझ्या बाहुलीच्या गालाला टाल्कम पावडर चोळली, कंपासपेटीतल्या कर्कटकानं तिच्या टाचेवर, तुम्ही नवीच्या टाचेवर खुणेसाठी काढली होतीत तशीच चीर काढली आणि तिला नवीच्या खोक्यात झोपवलं. नवी दप्तराच्या तळाशी गेली.

आठ दिवसांनी तुम्ही भट्टीतली बाहुली घरी आणलीत. कपाळाला, गालांना भेगा, ओठ फाटलेले, नऊ वर्षांच्या मुलीचं एकदम ऐंशी वर्षांचं तोंड. मालकांनी एका भेगेत नख घालून बघितलं आणि हसून तुमच्या खांद्यावर थोपटलं, एवढंच तुम्ही सांगितलंत. "हात दाखवून अवलक्षण," आई म्हणाली आणि नंतर तिलाच वाईट वाटून तिनं तुमच्यासाठी शिरा केला. तुम्ही तो खाल्ला नाहीत. बाहुली हातात घेऊन तुम्ही बराच वेळ तिच्या अंगठ्याकडे बघत होतात. मग मला विचारलंत, "तुझी बाहुली कुठाय गं?" मी म्हटलं, "हरवली." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला अजून तुमचा चेहरा दिसतो. पुन्हा कधी विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नवी बाहुली शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पुढची सतरा वर्षं तुम्ही गरम पाण्याच्या पिशव्या गळतात का, ते तपासत बसलात. शब्द दिला होतात, तो पाळलात. आणि मी मनाला एक गोष्ट समजावत मोठी झाले, लग्न केलं, मुलं वाढवली. तुमची खरी बाहुली भट्टीत गेली असती तरी ती फुटलीच असती, ही ती गोष्ट. तसं नसेलच असं कोण सांगू शकत होतं? एक तो डबाच सांगू शकत होता. म्हणून मंगळवारी मी जिना उतरले तेव्हा मनात काय होतं, ते लपवत नाही. आत सडलेलं काहीतरी निघू दे, असं मी म्हणत होते. स्वतःच्या बापाचं आयुष्यभराचं काम चुकीचं निघावं म्हणून मी गणपतीला साकडं घातलं होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही. फळ्या बऱ्याचशा रिकाम्या झाल्या होत्या, तरी मी मोजायला लागले. तेवढ्यात कोपऱ्यातली एक उठून उभी राहिली. त्या फोनवरच्या बाई होत्या, खुर्चीत बसून माझी वाट बघत होत्या. साच्यातल्या त्या मुलीचा, म्हणजे त्यांच्या पणजोबांच्या बहिणीचा, चेहरा त्यांच्याकडे जसाच्या तसा आलाय. त्याच उंचावलेल्या भुवया, तेच तोंड, फक्त सुरकुतलेलं. मी इतकी दचकले की त्यांनाच माझा दंड धरावा लागला. त्यांचा हात थंड आणि पावडर लावल्यासारखा गुळगुळीत होता.

त्यांनी पत्र्याची कात्री माझ्या हातात दिली. झाकणाला पहिलं भोक पडलं तसा आतून बारीक सुस्कारा आला, आणि बाबा, तुमचा वास आला. गंधकाचा, घामाचा, तुमच्या त्या कामावरच्या निळ्या शर्टाचा, ओव्याचा. तुम्ही डाग देताना वाकून जो श्वास सोडला होतात तोच आत बसून राहिला होता की काय, देव जाणे. बाई म्हणाल्या, "हा वास रबराचा नाही." दोन श्वासांत तो गेला. बाहुली आत तशीच होती. टेबलावर होती तशी, कोरडी, मऊ. बाईंनी तिच्या गालावर बोट दाबलं, खळी पडली, आणि ती हळूहळू भरून आली. बाई पुटपुटल्या, "आमच्या घरात हे कुणालाच जमलं नाही."

मग त्यांनी वही काढली. तुमचं अक्षर. मिश्रणाचा तपशील, तारीख, आणि भट्टीच्या निकालाच्या रकान्यात इंग्रजीत दोन ओळी: भट्टीतला नमुना ग्राह्य धरू नये. नमुना बदलला गेला, हयगय माझी.

चाळीस वर्षं कुणी उघडणार नाही अशा वहीच्या पानावर तुम्ही ते लिहून ठेवलं होतंत, आणि घरी, मालकांसमोर, आईसमोर, अवाक्षर काढलं नव्हतंत. बाईंनी चष्मा वर केला. "बदलला गेला? कसा? तू लहान होतीस, पण तुला काही आठवतं का?" त्या भुवया अगदी माझ्यासमोर होत्या. मी म्हटलं, "नाही. ते याविषयी घरी कधी बोलायचे नाहीत." त्या म्हणाल्या, "मग निकाल लिही आणि खाली सही कर." मी 'नमुना उत्तम' असं लिहिलं, शेऱ्याचा रकाना कोरा सोडला आणि सही केली. बाहेर आल्यावर नवऱ्याचा फोन आला. "काय निघालं गं?" मी म्हटलं, चांगली निघाली. "अरे वा! म्हणजे बाबा राइट होते यार! ही वॉज अ जीनियस!" मी हो म्हटलं आणि फ्लाइट डिले झाल्याचं सांगितलं.

हे पत्र मी पाठवणार तरी कुठे? पण एक सांगायचं राहिलं. तुमच्या त्या दोन ओळी वाचल्यावर मला रडू आलं असेल, असं तुम्हाला वाटेल. ते आलं, विमानात, बरंच नंतर. तिथे तळघरात, वही हातात असताना, आधी मला हायसं वाटलं बाबा, की दोष तुमच्या नावावर लिहिलेला आहे.