नळीचं पाणी अन् पंधरा दिवस

६ ऑक्टो. सोम.
संतोषनं पाणी गाळायची नळी आणली. वीतभर. तो गडावर माणसं फिरवायला नेतो, त्यांच्यासाठी घ्यायचीय. म्हणला, आये, आधी तू पिऊन बघ. पंधरा दिवस धरणाचं पाणी हिच्यातनं. पोट नीट राह्यलं तर भाऊबीज झाल्यावर जा मेंढरांमागं. नाय तर घरी बस. रोज लिहायचं. त्याला दाखवायची वही वेगळी, ही माझी.
औंदा उन्हाळ्यात कोकणात पाण्यानं कावीळ झाली, जीपमधी घालून आणलं. तवापासनं घरात. दाव्याच्या गायीला तरी दुपारचं सोडतात.

८ बुध.
पिशवीत येडगाव धरणाच्या कडंचं पाणी भरायचं, नळी लावायची, पिशवी दाबायची. आत गढूळ, भाईर नितळ. पर लई हळू. तांब्या भरस्तोवर मनगट दुखतं. मालक हसले. "पाण्याला नळी. उद्या भाकरीला बी आण." म्हणलं, तुमी जाणार मोकळं, तुमाला काय.

११ शनि.
पोट बरं. शेवाळाचा वास मात्र जात न्हाई. संतोष म्हणतो, वास अन् फवारणीचं औषध नळीत अडत न्हाई, वावराखालचं पाणी भरू नको. परमुलखात कुणाचं वावर कुठं, मी हुडकत बसू? "ते पण लिही." लिहिलं.

१४ मंगळ.
नळी तुंबली. उलटं पाणी मारून धुवायला पांढरी पिचकारी दिलेली, ती मेंढीनं पायाखाली घातली. फुटली. मग मेंढरांना जंताचं औषध पाजायची व्हती ती घेतली. विसळली. नळी झरझर चालली. तांब्याभर प्याले.

१५ बुध.
स. पासनं कळा. चारदा जाऊन आले. पडून.

१६ गुरु.
संतोष: "झालं. नळी बाद. गिऱ्हाइकाला असली देणार न्हाई. अन् तू बी घरीच." सून म्हणली, आत्या, मऊ भात खावा. खाल्ला.
नळी बाद न्हाई. पिचकारीत औषध राह्यलं असणार. जिथनं नितळ पाणी येतं त्याच तोंडात मारली मी.
सांगितलं तर म्हणल, घरात जपता येईना, रानात काय जपशील. न सांगितलं तर घरीच हाय. दोन्हीकडनं

१८ शनि.
सांगितलं. तोंडावर.
"आये, मेंढराची पिचकारी?"
"मेंढरं मेली का त्यानं?"
सून तोंड फिरवून हसली. तो न्हाई हसला. दिवसभर नळी धूत बसला, ओतूरच्या मेडिकलातनं नवी पिचकारी आणली. "उद्यापासनं परत पंधरा दिवस. पहिल्यापासनं." म्हणलं, तवर मेंढरं जातील. "गाडीवर नेऊन सोडीन, घाट उतरायच्या आत. पर पोट बिघडलं तर नाव काढायचं न्हाई."

२४ शुक्र.
मेंढरं गेली. घोड्यावरचं बिऱ्हाड मीच बांधलं, गाठी माझ्याच. मालक म्हणले, "ये मागनं." एवढंच. मेंढरांचं वाडगं झाडलं. मोकळं. कान बधिर झाल्यावानी वाटतं. जेवण गेलं न्हाई.

२८ मंगळ.
दहावा दिवस. पोट बरं. नळी रोज धुतली तरच चालती, हे दोनदा लिहिलं त्याच्या वहीत. सून फ्रीजची बाटली पुढं करती. नको म्हणलं. तिला राग आला. येऊ दे.

१ नोव्हें. शनि.
चौदावा. मालकांचा फोन. घाटाच्या वर खुबीला हायेत, सोमवारी माळशेज उतरणार. खाली गेल्यावर फोन लागत न्हाई, मुक्काम कुठं कळत न्हाई. संतोष म्हणला, उद्याचा दिवस निघू दे. दोन लुगडी बांधून ठेवली.
दु. पोटात गुरगुरलं. सुनेला ऐकू गेलं. "आत्या, काय झालं?"
"भूक लागली."
तिच्यासमोर अख्खी भाकरी खाल्ली.
परत गुरगुरलं.
भूकच असल.