कोरड्या मैदानातलं जाळं

प्रिय अण्णा,

तुमाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुमी होता तेव्हा फोनवर "जेवलास का?" अन् "जेवलो" एवढंच व्हायचं. आता लिहायलोय ते राग आवरत न्हाई म्हणून. आपल्या गावच्या महोत्सवाचा व्हिडिओ तीन दिवस झाले सगळीकडं फिरायलाय. इथं बंगळूरला माझ्यासंगं फरशी बसवणाऱ्या पोरांनीपण पाहिला. खाली लिहिलंय, 'भोई समाजाचा जिवंत वारसा'. जिवंत! त्यात तुमचं जाळं माझ्या हातात हाय, अण्णा.

झालं असं. जुन्या बारवेजवळ, शाळेच्या मैदानात दोन दिवस कार्यक्रम. सगळ्यांना मोफत. गाणी, भाषणं, आपल्या बायकांच्या हातचं माशाचं कालवण. समितीचे सर फोनवर म्हणाले, "तुमच्या वडिलांसारखं जाळं फेकणारा दुसरा झाला नाही. तुम्ही मुलगा, तुम्हीच दाखवा." मी फुगलो. सुट्टी मागून देवगाव फाट्यावर उतरलो. मला फेकता येत न्हाई, हे सांगायची हिंमत झाली न्हाई. तेवढं माझं चुकलं.

पण मैदानात, अण्णा? धुळीत? नदी दहा मिनिटांवर हाय! "तिकडे मंडप घालता येत नाही," म्हणे. तुमी जाळ्याची कड दातात धरायचे, एवढं मला आठवत होतं. तशी धरायला गेलो तर फोटोवाला ओरडला, "तोंडात नको, घाण दिसतं."

घाण! बाजारात तुमाला नालीच्या कडंला बसवायचे, नाकाला रुमाल लावून भाव करायचे, ते सगळे त्या दिवशी पुढच्या खुर्च्यांवर होते.

मी फेकलं. ते उघडलंच न्हाई. गोळा होऊन धपकन पडलं, कडंच्या शिशाच्या गोळ्या माझ्याच पायावर. अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या! शिट्ट्या! एकटी सखूआत्या मागून ओरडली, "आरं, जाळं हाय ते, गोधडी न्हाई!" तर सर माईकवर म्हणतात, "बघा, आजींना किती उत्साह आहे!"

हसले असते तर चाललं असतं. टाळ्यांनी लय लागलं.

आता तुमच्यावरचा राग. लहानपणी जाळ्याला हात लावला म्हणून तुमी माझ्या बोटांवर काठी मारली होती. "तुला मास्तर व्हायचंय." झालो का मास्तर? आठवीतूनच पळालो. मग तरी शिकवायचं ना! शाळा सुटलेल्या पोराला नदीवर न्यायला काय झालं होतं? तुमी एकटेच जात राहिले, अन् मी गावं अन् कामं बदलत हिंडत राहिलो.

संध्याकाळी आत्यानं ते जाळं नदीवर नेऊन धुतलं. मी काठावर बसून विचारलं, "तुला कुणी शिकवलं गं?"

"तुझ्या बापानं. मला शाळाच न्हवती, म्हणून शिकवलं. तुला नाद लागंल अन् शाळा बुडंल, म्हणून भ्यायचा तो."

मग तिनं लुगड्याचा काष्टा आवळला, कड दातात धरली, कंबर वळवली अन् फेकलं. एवढी म्हातारी बाई! जाळं भाकरीसारखं गोल उघडलं अन् पाण्यावर अलगद टेकलं. बघायला मी एकटा. मला टाळी वाजवायचं सुचलंसुद्धा न्हाई.

समितीनं पुढच्या सालीपण बोलावलंय. मी सरांना फोन करून सांगितलं, "नदीवर घ्या. अन् फेकणार आत्या." ते म्हणाले, "बघू." बघा म्हणावं!

दिवाळीला पंधरा दिवस येतोय, आत्याकडं जाळं शिकायला. आत्यानं बजावलंय, "फोन घरी ठेवायचा अन् रडायचं न्हाई." तुमी मारलेली बोटं तीच हायेत, अण्णा. शब्द देतो, तुमचं जाळं परत कोरड्यात पडणार न्हाई. अन् माझ्या हातून ते गोल उघडेपर्यंत एकाही माणसाला टाळी वाजवू देणार न्हाई.

उशिरा का होईना, नदीकडं निघालेला
तुमचा बालाजी