राखेनं धुतलेली पिपेट

प्रिय हिरा,

काल तुझी पूर्णा घरी आली होती. रविवारी आपल्या शाळेत तुझी शोकसभा ठेवलीय आणि तिथं मी बोलायचं आहे म्हणे. "मावशी, तुम्ही दोघी शाळेत असतानाच कॉलेजची केमिस्ट्री शिकलात ते सांग. आणि ती राखेची गोष्ट तर सांगच, आई काय रंगवून सांगायची!" मी बरं म्हटलं, चहा दिला, आणि ती गेल्यावर तुझ्यावर चिडून बसले. ती गोष्ट तू अख्ख्या लोणावळ्याला सांगितलीस आणि दर वेळी खोटी सांगितलीस. आता मी ती कशी सांगू? तुझ्याशीच बोलून ठरवावं म्हणून लिहायला घेतलंय.

अकरावीचं वर्ष होतं, आपल्या वेळची मॅट्रिक. मी आमच्या खेड्यातून चालत कामशेतला येऊन लोणावळ्याची पॅसेंजर पकडायचे. तू पवनेकडच्या डोंगरातल्या वाडीवरून आलेली, बंगल्यावर कामाला असलेल्या मावशीकडं राहायचीस. शास्त्राचे सर नवे होते. त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं रसायनाचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "इथल्या पोरी पुण्याला जात नाहीत ना? मग पुणंच इथं आणू. दर रविवारी या." पहिल्या रविवारी नऊजण आले. दिवाळीपर्यंत आपण दोघीच उरलो.

काय ती आपली प्रयोगशाळा! लोणावळ्याच्या दमट हवेनं लिटमसच्या कागदांना बुरशी आलेली, मिठाला पाणी सुटलेलं, काड्यापेटी पेटेल तर शपथ. थेंब सोडायची खुणांची नळी, ब्युरेट, एकच; तोंडानं द्रव ओढून मोजायची काचेची नळी, पिपेट, तीही एकच. पुस्तक इंग्रजीत, आणि तू ते पोथीसारखं मोठ्यानं वाचायचीस. सोड्यात गुलाबी होणारं ते फिनॉल्फ्थॅलीन तुझ्या जिभेवर कधी बसलंच नाही. तू त्याला 'गुलाबीबाई' म्हणायचीस. एकदा तर सरांसमोर म्हणालीस, "सर, गुलाबीबाईचे दोन थेंब टाकू का?" आणि सरांनी, गंभीर चेहऱ्यानं, "टाक" म्हटलं.

मला मात्र त्या वर्षी हसण्याखाली सतत धाकधूक होती. आबांनी ठरवलेलं, मॅट्रिक झाली की लग्न. सर घरी आले, ओसरीवर बसले, तासभर बोलले. आबा सुपारी कातरत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, तुमी आपल्या पोरीला चांगलंच म्हननार. पुन्याच्या कालेजातला सायब सवता बगून म्हनला, ही शिकंल, तर धाडीन. न्हाई तर न्हाई." सर लगेच म्हणाले, "आणतो." ते खरंच घेऊन येतील असं आबांना वाटलं नसणार.

फेब्रुवारीत एका रविवारी सरांचे जुने प्राध्यापक आले. तुला त्यांचा कोट आठवतो? कोपराला ठिगळ, आणि त्याची त्यांना अजिबात फिकीर नव्हती. आबाही आले, फेटा बांधून, आणि दाराबाहेर बाकावर बसले. प्राध्यापकांनी आपल्याला कॉलेजच्या परीक्षेतलाच प्रयोग दिला. पिपेटनं सोड्याचं पाणी मोजून घ्यायचं, त्यात गुलाबीबाई घालायची, ब्युरेटमधून आम्ल सोडत जायचं, रंग गेला की आकडा वाचायचा. तीनदा करायचं आणि तिन्ही आकडे जुळायला हवेत. आपण हे झोपेतही केलं असतं.

मग ते सहज म्हणाले, "आधी हिरा."

हिरा, आता ते सांगते जे तू कधी सांगू दिलं नाहीस. पिपेट तोंडानं ओढायची असते. सगळं वर्ष दर रविवारी ती आधी मी ओढायचे आणि मग तू. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण मी नेहमी आधी हात पुढं करायचे आणि तू थांबायचीस. आमच्या घरी तुमच्या वाडीवरची माणसं आली की त्यांच्या ओंजळीत अंगणात वरून पाणी ओतायचे, भांडं हाती द्यायचे नाहीत. ते बघतच मी वाढले होते. मी तुझ्याशेजारी बसायचे, तुझ्या वहीतून उतरवायचे, तुझ्याशिवाय मला करमायचं नाही. आणि तुझ्या तोंडची पिपेट माझ्या तोंडात घ्यायची वेळ मात्र मी कधी येऊ दिली नव्हती.

तुझे तिन्ही आकडे जुळले. नऊ पूर्णांक आठ, तिन्ही वेळा. मी पिपेट घेऊन "धुऊन आणते" म्हणत मागच्या नळावर गेले. तिथं शाळेचे पेले घासायला करवंटीत राख ठेवलेली असायची. आई म्हणायची, उष्टं भांडं नुसत्या पाण्यानं निघत नाही. मी राख कालवली, पिपेटमध्ये ओतली, बाहेरून घासली, घाईनं विसळली आणि आले.

माझा पहिला आकडा आला दहा पूर्णांक सहा. दुसरा दहा पूर्णांक तीन, तिसरा दहा पूर्णांक एक. प्राध्यापकांनी चष्मा काढला. "मुली, तुझे आकडे जिना उतरतायत. का?" मी ब्युरेटचा आकडा पुन्हा वाचला. दारातून आबांचा फेटा दिसत होता आणि माझं लग्न मांडवासकट डोळ्यांपुढं उभं राहिलं होतं.

तू माझ्या नखांकडं पाहिलंस. करडी झाली होती ती. मग तू म्हणालीस, "सर, तिनं राखंनं धुतलीया."

"मग?"

"राख म्हंजी क्षारच की. आमी वाडीवर कापडं राखंच्या पान्यानं धुतो, हाताला सोड्यावानीच बुळबुळीत लागतं. थोडी आत ऱ्हायली आसंल, म्हून आम्ल जादा लागलं. आन दर खेपंला धुऊन जातीया, म्हून आकडा खाली येतोय."

प्राध्यापक तुझ्याकडं बघतच राहिले. हे पुस्तकात नव्हतं. सरांचा चेहरा असा झाला की जणू त्यांनाच पहिला नंबर मिळालाय. मग प्राध्यापकांनी मला विचारलं, "पण राखेनं कशाला धुतलीस?"

मी हात पाठीमागं नेले.

"काच मळकट दिसत व्हती, सर," तू म्हणालीस.

हीच ती तुझी खोटी गोष्ट! पुढं पन्नास वर्षं तू वर्गात, लग्नात, बारशात तीच सांगितलीस. माझी मैत्रीण इतकी स्वच्छ की काचही राखेनं घासायची.

प्राध्यापक म्हणाले, "नीट धुऊन चौथ्यांदा कर." पिपेट तूच उचललीस. दोनदा पाण्यानं धुतलीस, मग रीतीप्रमाणं तोंड लावून सोड्याचं पाणी आत ओढलंस, सोडून दिलंस, आणि पुसायचं नावसुद्धा न काढता माझ्यापुढं धरलीस. "आता वढ."

आबा उठून दारात आले होते. त्यांना सगळं दिसत होतं. मी पिपेट तोंडाला लावली आणि ओढली. सोड्याची तीच खारट-तुरट चव लागली, दुसरं काही नाही. रंग गेला तो नऊ पूर्णांक आठला. तू टाळी वाजवलीस. परीक्षेत टाळी वाजवणारी तू पहिलीच असशील.

प्राध्यापक आबांना म्हणाले, "एक चूक करते, दुसरी ती शोधून काढते. दोघींना एकत्र पाठवा. एकीला पाठवू नका." आबांनी फेटा सारखा केला. तसेच बंगल्याच्या मागच्या दारी गेले आणि तुझ्या मावशीला म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीला धाडा. ती आसंल तर आमचीबी शिकंल." मावशीनं पाणी पुढं केलं. आबांनी तांब्या घेतला, जरा थांबले आणि प्यायले. गाडीत मला एवढंच म्हणाले, "ह्ये तुझ्या आयेला सांगू नगंस."

जूनमध्ये आपण पुण्याला गेलो. वसतिगृहात एका ताटात जेवलो, एका पेल्यातून चहा प्यायलो, वर्गातल्या मुली पहिला धडा घोकत होत्या तेव्हा आपण दोघी खिडकीतून चिंचा पाडत होतो, कारण ते सगळं आपलं झालेलं होतं. तू शिकवायला परत त्याच शाळेत आलीस, मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेले. सुखाचं आयुष्य झालं, हिरा. तुझ्यामुळं झालं.

एकदा, तुझ्या स्वयंपाकघरात, मी म्हणाले होते, "हिरे, ती राख..." तू पोळी उलटता उलटता म्हणालीस, "तुजं तोंड कसं झालतं गं तवा!" आणि इतकी हसलीस की मीही हसले. विषय तिथंच संपला. तू संपवलास असं मी मानत आले, पण खरं सांगू? तो संपलेला मला सोयीचा होता. तुला तेव्हाच कळलं होतं ना? नळावर मी जाताना पाठीमागून बघत होतीस ना?

मी रविवारी बोलणार आहे. तुझी हुशारी सांगेन, गुलाबीबाई सांगेन, लोक पोट धरून हसतील असं सांगेन. पण आधी पूर्णाला आज संध्याकाळी घरी बोलावते आणि एकटीला सांगते, की तुझ्या आईच्या तोंडची म्हणून मी ती पिपेट राखेनं घासली होती, आणि तुझ्या आईनं ते ओळखूनही ती माझ्याच हातात दिली. ती रागावली तर रागावू दे. तिनं मावशी म्हणणं सोडलं तरी मी ऐकून घेईन. सभेत हे सांगायचं की नाही ते तीच ठरवेल, आणि ती हो म्हणाली तर मी तू ती खोटी गोष्ट सांगायचीस त्याच वर्गात उभी राहून, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडानं सांगेन.

तुझी,
शकू