हापीचं सोंग

१८ ऑगस्ट, सोमवार

हरिओमला दिलं! हापीचं सोंग हरिओमला दिलं!

यंदा आमच्या गणपती मंडळाचा जिवंत देखावा 'नद्यांचे देव'. मंडळातल्या अंकितनं मोबाईलवर जुन्या मिसर देशातला हापी दाखवला — नील नदीच्या पुराचा देव. अंग निळं, डोक्यावर कमळं, हनुवटीला लांब दाढी. अन् छातीला थानं, बाईसारखी, भरलेली! पुरुषच, पण सगळ्या मुलखाला पाजणारा. पोरं खिदळली. मी लगेच म्हणलो, "मी उभा राहतो."

रामनिवासजी अध्यक्ष. बाजूला घेऊन म्हणले, "कल्याण, तू रंग लाव. तुझ्याबद्दल लोक आधीच काय काय बोलतात. हरिओम लेकराबाळांचा माणूस, ढेरी बी तयार हाय. त्याला कोण काय म्हणणार?"

म्हणजे ज्याला गरज न्हाई त्यानं घालायचं, अन् मी रंगाची डबी धरायची. वा रे न्याव!

२४ ऑगस्ट

छातीचा साचा मीच शिवला. आई महालक्ष्म्यांचे मुखवटे पुसत बसल्ती. "काय शिवून राह्यलास?"

"उशी."

"एवढी?" म्हणली, अन् पुन्हा मुखवटे पुसायला लागली.

तालमीत हरिओमनं तो बांधला, हलवून सगळ्यांना हसवलं, काढून खुर्चीवर फेकला. एवढा जीव लावून शिवलेला! जळफळाट झाला माझा. उचलला, झटकला, कोणी बघत न्हाई पाहून छातीशी धरला.

२७ ऑगस्ट

बाप्पा बसले. हरिओम देखणा दिसला मेला!

३० ऑगस्ट

अंकित सांगत व्हता, मिसरात नीथ म्हणून एक देवी. सगळं जग तिनं घडवलं. तिच्याबद्दल देवळातच कोरलंय म्हणे — दोन हिस्से पुरुष, एक हिस्सा बाई. एवढं उघड! इथं आपण चालताना हात जरा हलला तरी चौकातली पोरं शिट्ट्या मारतात.

दाढी चिकटवताना हरिओम म्हणला, "गुदगुल्या होतात रे." गोंद त्याच्या डोळ्यात जावा असं वाटलं. लाज वाटली मंग. पण वाटलं.

३ सप्टेंबर, बुधवार

काल महालक्ष्म्या उठल्या, आज बायांची झुंबड. माईकवर हापीची माहिती चालू व्हती. तीर्थपुरीहून आलेल्या गोजरबाई पुढं झाल्या. "पाणी देतो, पीक देतो, अंगावर दूध हाय. मंग ओटी नको का याची?" पिशवीतून खण, तांदूळ, नारळ काढला, अन् हरिओमच्या हातातल्या ताटात ओटी भरली! मागं रांगच लागली. हापीनं हलायचं न्हाई, म्हणून हरिओम नुसता घाम गाळून राह्यला.

मी पडद्याआड. एक-एक बाई त्याला कुंकू लावून नमस्कार करत व्हती. नुसती आग झाली माझ्या अंगाची. त्याला ते नकोच व्हतं! मला कोणी चिमूटभर तांदूळ दिले असते तर मी रडलो असतो.

४ सप्टेंबर

हरिओमची बायको नंदावहिनी मांडवात येऊन कडाडली, "माह्या नवऱ्याची ओटी भरून राह्यल्यात! सासरी-माहेरी तोंड दाखवू का नको?"

हरिओम बी म्हणला, "थानं बांधली, ती मजाक व्हती. ओटी न्हाई जमायची आपल्याला." साचा टाकला अन् गेला.

रामनिवासजींनी सगळ्यांकडं पाह्यलं. पोरं खाली बघून राह्यली. शेवटी माझ्याकडं पाह्यलं.

"राह्यलेले दिवस तू उभा राहा. पण घरी विचारून."

विचारलं न्हाई. काय विचारणार?

५ सप्टेंबर

रांगेत आई व्हती. निळ्या रंगात ओळखणार न्हाई म्हणून मी डोळे मिटून घेतले. कपाळाला तिचं बोट लागलं. मंग कानाशी हळूच, "कल्याण, दाढी वाकडी झाली तुही."

तिनं ती सरळ केली. अन् ओटी भरली.