झरोक्यातली शीळ

३ डिसेंबर
नवं घर आवडलं. खोली एकच, पण सुटसुटीत. खिडकीशी माझी पुस्तकं, कोपऱ्यात गॅसचा हीटर, त्याच्या वर भिंतीत जाळीचा झरोका. लेक दोन गल्ल्या पलीकडे राहते. जाताना बजावून गेली, की आई, बाबा गेले म्हणून आता रडत बसायचं नाही, वाचत बसायचं. शाळा चौथीतच सुटली माझी, पण वाचायचं कुणी सांगावं लागलं नाही कधी.

५ डिसेंबर
वारा सुटला की झरोका शीळ घालतो. अगदी ह्यांच्यासारखी, दाढी करतानाची, बेसूर. आधी हसू आलं. मग चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. शेवटी स्टुलावर चढून ह्यांचा मफलर झरोक्यात कोंबला. एक टोक हीटरच्या बाजूने पार खालपर्यंत लोंबतंय, लोंबू दे. खोली छान उबदार झाली.

८ डिसेंबर
डोकं ठणकतंय. छातीवर कुणी हात दाबून बसल्यासारखं वाटतं. बाजारात गेले की बरं वाटतं, घरी हीटरशी बसले की पुन्हा तेच. शेजारीण म्हणाली, नवी जागा मानवली नसेल. मला वाटतं, ह्यांना राग आलाय. शीळ बंद केली ना मी.

९ डिसेंबर
ओळी हलतात, वाचता येत नाही. मळमळतंय. खुर्चीमागे कुणीतरी उभं आहे. म्हटलं, आलाच आहात तर बसा.

११ डिसेंबर, दुपार
नातीला माझ्याकडे ठेवून लेक कामावर गेली. पोरगी मघाशी म्हणाली, आजी, माझं डोकं दुखतंय, उलटी होईल. आता निजलीय. गाल लालबुंद.

आजोबांवर तर जीव होता हिचा. हिला कशाला त्रास देतील ते —

हाक मारली. उठत नाही.

ते नाहीतच इथे. हीटर — कोंडलेली हवा — मफलर मीच —

हीटर बंद केला. दाराकडे निघाले, तिथेच हीटरशी पडले. पाय उचलत नाहीत, हात तेवढा चालतो. लेकी, आलीस की हे वाचत उभी राहू नकोस. आधी दार सताड उघड, पोरीला बाहेर ने, मग मी —

मफलरचं टोक — हाताला लागतंय. ओढते —

अजून थोडा —

शीळ